शाळा सोडल्याचे कारण

अर्ज मोठ्या बाईंनी आधीच टाइप करून ठेवला होता.
नुसती सही, म्हणाल्या, इथे, फुलीजवळ.
टेबलावर चहा. सोबत बिस्किटं.
एवढ्या आदरानं शाळेनं मला
गॅदरिंगलाही कधी बसवलं नव्हतं.

'कौटुंबिक अडचणींमुळे माझा मुलगा
चि. ओजस दांगट, इयत्ता नववी ब, यास...'
कौटुंबिक. मी दोनदा वाचलं.
अडचणी आहेत, नाही कशाला म्हणू.
गिझर धड चालत नाही, धायरी फाट्यावर रोज पाऊण तास जातो,
सासरे रात्री रेडिओ बंद करू देत नाहीत.
पण कंपासपेटीत, कोनमापकाखाली सापडलेली
ती नखाएवढी पुडी
माझ्या डब्यातून गेली नव्हती.

कुठाय ती, मी विचारलं.
टाकली हो बेसिनमध्ये. वरून पाणी सोडलं.
तुमच्याच भल्यासाठी.

मी लॅबमध्ये काम करते, विठ्ठलवाडीला.
सकाळी सातपासून लोकांच्या बाटल्यांवर नावं चिकटवते.
सॅम्पल सांडलं तर आम्ही माफी मागतो,
पेशंटला परत बोलावतो, वहीत लाल शाईनं लिहितो.
बाईंनी हात पुसले
आणि रुमालाची घडी केली.

कुणी दिली त्याला? मधल्या सुट्टीत, की क्लासच्या वाटेवर?
कालव्याकडेच्या त्या टपरीवर,
जिथे तुमचीच मुलं सायकली लावतात?
बाकी कुणाच्या पेट्या बघितल्यात?
ताई, आम्हाला बाराशे मुलांचा विचार करावा लागतो.
अहो, तोच करा म्हणतेय मी.
बाराशेंतून एक वजा केला
की उरलेले अकराशे नव्याण्णव धुतल्या तांदळासारखे,
हे गणित कितवीला शिकवता तुम्ही?

(हे मी बोलले नाही.
हे मला घरी भांडी घासताना सुचलं.)

तिथे मी सही केली.
पोलीस, पेपरात नाव, दहावीचं वर्ष.
एवढ्यावर पेन चाललं.

दाराशी खिलारे मामा. पेटी त्यांनीच उघडली होती.
माझ्याकडे न बघता म्हणाले,
या वर्षातली तिसरी,
आणि घंटा द्यायला गेले.

दाखला चार दिवसांत हातात आला.
एरवी बोनाफाइडला महिना लावतात.
प्रगती: समाधानकारक. वर्तणूक: चांगली.
शाळा सोडल्याचे कारण: पालकांच्या अर्जावरून.
गोल शिक्का, जरा तिरका, पण ठसठशीत.

त्या रात्री लॅबमधली एक बाटली
मी ओजसच्या हातात दिली.
वीस मिनिटं तो बाथरूममध्ये. नळ चालू.
मी बाहेर पायपुसण्यावर बसून लेबल लिहिलं:
वय चौदा. पुरुष.
पुरुष म्हणे. अजून झोपेत दात खातो.

रिपोर्ट काय आला ते माझ्याजवळ राहू दे.

बाटली देताना तो म्हणाला,
आई, कुणाकुणाला सांगितलंस, हे सगळ्यांनी विचारलं.
का घेतलीस, हे कुणीच नाही.
सगळ्यांमध्ये मी होते.
मग आम्ही ओट्याशी उभं राहून
दूध न घालता कॉफी प्यालो, आणि तो बोलत राहिला.
रेडिओ त्या रात्री मीच चालू ठेवला,
आतल्या खोलीत ऐकू जाऊ नये म्हणून.

फेब्रुवारीत एक फोन आला. नंबर अनोळखी.
बहिरट बोलतेय. मृण्मयीची आई. नववी अ.
पुढे कितीतरी वेळ नुसती
मागून जाणाऱ्या बसची घरघर.
मी हॅलो म्हटलं नाही. थांबले.
मग हळूच, जणू शेजारी कुणी झोपलंय:

तुमच्या अर्जात पण
कौटुंबिकच होतं का?